दोघींचा थर्मास
थर्मासचं झाकण उघडलं की ज्येष्ठमधाचा वास येतो आणि मला टेंभुर्णीची ती संध्याकाळ आठवते. माझी पुतणी आणि तिची मैत्रीण, दोघी मोबाइलवर गाजलेल्या गायिका, तेव्हा गावोगाव जोडीनं कार्यक्रम करत होत्या. मी त्यांचा मॅनेजर, म्हणजे गाडी चालवणारा आणि घशासाठी गरम पाणी सांभाळणारा. मैत्रिणीनं पुढचा दौरा एकटीनं ठरवलाय, हे त्याआधीच्या गावी, वाटूरला, पुतणीला कळलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं. निरोप सगळे माझ्यामार्फत. टेंभुर्णीत पहिल्याच गाण्यात, चढ्या ओळीला, मैत्रिणीचा आवाज फाटला. पोरं शिट्ट्या मारू लागली. पुतणी माइक खाली धरून नुसती उभी. मग तीच पुढं झाली आणि ती ओळ तिनं उचलली. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. गाडीत पुतणी म्हणाली, "काका, तिला पाणी द्या जल्दी, थंड होऊन राह्यलं." मैत्रिणीनं घोट घेतला. "काका, तिला म्हणा, गायलीस बराबर. पण मी थांबणार न्हाई." आता पुतणी एकटीच गाते. त्या ओळीपाशी आली की अजूनही डावीकडं बघते, मैत्रीण उभी राहायची तिकडं. तिथं कडेला मी असतो, थर्मास घेऊन. पण मला गाता येत नाही.