दोन वाऱ्यांच्या मधली वेळ

किहीममध्ये कोकिळाचं घर विचारलं तर लोक आधी कोणती कोकिळा असं विचारतात. गावात कोकिळा तीन आहेत. एक पापड करते, दुसरी भांडते आणि तिसरी शिडाची. ही गोष्ट तिसरीची आहे, पण भांडण्यात तीही काही कमी नाही हे आधीच सांगून ठेवतो.

शिडाची कोकिळा आज अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिचे वडील बुधाजी मुंबईच्या एका गुजराती कुटुंबाचा बंगला आणि त्यामागची नारळाची वाडी सांभाळायचे. त्या घरची मुलगी हेतल, कोकिळाच्याच वयाची. तिला विंडसर्फिंगची हौस आली. परदेशातून फळी आली, शीड आलं, शिकवायला मुंबईहून माणूस आला. चार वेळा पाण्यात पडल्यावर हेतलची हौस फिटली आणि ती बॅडमिंटनकडे वळली. फळी बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिली. सोळा वर्षांच्या कोकिळानं ती एक दिवस वडिलांना न विचारता बाहेर काढली. हेतलच्या कंटाळ्यावर आपलं सगळं आयुष्य उभं आहे, असं कोकिळा आजही हसत हसत सांगते, आणि ते अगदी खरं आहे.

पुढची तीस वर्षं तिनं वारा खाल्ला. दुपारी समुद्रावरून खारं वारं सुटलं की भाकरी तव्यावर तशीच सोडून ही बाई निघायची. शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा, अंग मागे झोकून द्यायचं आणि सगळा भार वाऱ्यावर टाकायचा, की फळी पाणी कापत सुटते. तिनं मुंबईच्या पोरांना शिकवलं, दमलेल्यांना दोरी बांधून किनाऱ्याला आणलं, एकदा गोव्याला स्पर्धेला जाऊन मधल्याच कुठल्या तरी नंबरानं परत आली. तो नंबर तिनं कधी कोणाला सांगितलेला नाही.

तिचा नवरा काळूराम रोह्याकडच्या भातशेतीच्या गावचा. एसटीत कंडक्टर. कोकिळा एकुलती एक म्हणून तो किहीमला सासऱ्याच्या घरीच राहायला आला, त्यामुळे गावानं त्याची जेवढी थट्टा करायची तेवढी करून घेतली. त्याला पोहता येत नाही. त्याच्या गावात पाणी म्हणजे शेतातलं गुडघाभर पाणी, आणि त्यातही चिखलच जास्त. बायको समुद्रात असली आणि त्याची सुटी असली की तो वाळूत बसून राहायचा. फळी एका माणसाची, तिथे दुसऱ्याला जागाच नव्हती. घरी मात्र त्यानं एक युक्ती शोधून ठेवली होती. नारळाच्या झावळ्या हलत असल्या की कोकिळा खुशीत असायची, मग त्या दिवशी पाहुण्यांचा, पैपाहुण्यांच्या लग्नाचा विषय काढायचा. झावळ्या गप्प असल्या की आपणही गप्प बसायचं. लग्नाची वीस-बावीस वर्षं त्यानं अशी झावळ्या बघून सुखात काढली.

दोन वर्षांपूर्वी कोकिळाचा उजवा खांदा धरला. आधी तिनं निरगुडीचा शेक दिला, मग तेल लावलं, मग काही झालंच नाही असं दाखवलं. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की शिडाचा दांडा ओढणं आता बंद. खांद्यावर तो झटका पुन्हा बसला तर वेणी घालायलाही हात वर जाणार नाही. कोकिळा घरी आली आणि काळूरामला म्हणाली की डॉक्टरला काही कळत नाही. मग आत जाऊन रडली. तिला खांद्याचं दुःख नव्हतं. शीड गेलं म्हणजे आपला समुद्रही गेला, आता आपण वाळूत बसून दुसऱ्यांचं बघणार, ही भीती तिला बसली होती, आणि ती भीती तिनं नवऱ्याला बोलून दाखवली. असं ती सहसा करत नाही.

तेवढ्यात हेतल आली. तिचा स्वभाव बदललेला नव्हता, फक्त हौस बदलली होती. आता तिनं उभ्यानं वल्हवायची फळी आणली होती, पंपानं हवा भरायची. शीड नाही, दांडा नाही, नुसतं एक लांब वल्हं. शहरात म्हणे सगळे हल्ली हेच करतात. हेतलनं दोन दिवस वल्हवलं, फोटो काढले आणि फळी कोकिळाच्या पडवीत ठेवून ती मुंबईला गेली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हात खांद्याच्या खाली ठेवून बेतानं वल्हवायला हरकत नाही. हरकत कोकिळाचीच होती. तिच्या मते ते उभ्यानं अंगण झाडणं होतं. पण समुद्राची ओढ मोठी, म्हणून मार्चमधल्या एका पहाटे, गाव उठायच्या आत, ती फळी घेऊन गुपचूप पाण्यात उतरली.

पहाटे आपल्याकडे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, मतलई. तो पाठीवर घेऊन, फळीवर गुडघे टेकूनच कोकिळा निघाली आणि चार हात मारताच फळी अशी सुळकन पुढे गेली की तिला वाटलं, हे तर पोरखेळ आहे. ती जात राहिली. सुरूची झाडं बुटकी दिसायला लागली तेव्हा तिनं फळी वळवली आणि फळी जागची हलेना. शिडाच्या माणसाला याची धास्ती नसते. वारा समोरून असला तरी आडवं-तिरकं, नागमोडी जात तो घरी येतो. वारा नेतो आणि वाराच आणतो, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता. तिनं सवयीनं तेच केलं. हातात शीड नसताना ही बाई वल्ह्यानं नागमोडी जायला लागली. त्यात फळीची कूस वाऱ्याला मिळाली आणि ती आणखी आत लोटली गेली. हे शहाणपण शिडाच्या माणसालाच सुचू शकतं. दुसरा कोणी असता तर निदान सरळ तरी वल्हवलं असतं.

थळच्या गुणाजीची होडी जाळी घेऊन परत येत होती. त्यानं दोरी टाकली. कोकिळा फळीवर मांडी घालून बसली आणि ओढत ओढत किनाऱ्याला आली. वाटेत गुणाजी एक अक्षर बोलला नाही, ते सगळं त्यानं बाजारासाठी राखून ठेवलं होतं. दुपारपर्यंत किहीमपासून थळपर्यंत प्रत्येक मासळीच्या पाटीपाशी एकच विषय होता.

त्यानंतर कोकिळानं फळीचं नाव काढलं नाही. फळी पडवीत आडवी झाली. एप्रिल लागला तशी काळूरामनं तिच्यावर आमसुलं वाळत घातली, कारण तेवढी सपाट आणि गुळगुळीत जागा घरात दुसरी नव्हती. कोकिळा दिवसभर चिडचिड करायची. दुपारी झावळ्या सळसळायला लागल्या की जास्तच. काळूरामचा पंचाईतीचा काळ होता. वारा असला तरी बोलायची सोय नाही आणि नसला तरी नाही. बायको सुकत चाललेली त्याला दिसत होती, आणि आमसुलं उलटवताना तो त्या फळीकडेही बघत होता. फळी चांगली लांबरुंद होती.

मे महिन्यातल्या एका सुटीच्या दिवशी त्यानं आमसुलं सुपात भरली, फळी ओल्या फडक्यानं पुसली आणि चहा पिणाऱ्या बायकोपुढे येऊन उभा राहिला.

"मला बसवशील काय हिच्यावर?" तो म्हणाला.

कोकिळाला वाटलं हा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. हेतल फळीबरोबर ठेवून गेलेली ते तरंगायचं नारिंगी जाकीट अंगावर घालूनच तो आला होता, आणि त्याचे पट्टे उलटे बांधले होते. तिनं ते सोडून नीट बांधले. बांधताना तिच्या लक्षात आलं की त्याचे हात गार पडलेत.

कमरेइतक्या पाण्यात तिनं फळी धरली आणि तो देवाचं नाव घेत वर चढला. आधी बसला, मग गुडघ्यांवर आला. मग म्हणाला, उभा राहून बघतो. पडेल म्हणून तिनं दोन्ही हात पुढे केले, पण तो पडला नाही. लाटेबरोबर फळी वरखाली झाली, तसा तोही नुसता वरखाली झाला. पावसाळ्यात खड्ड्याखड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत उभं राहून त्यानं आयुष्य काढलं होतं. एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्या हातात सुटे पैसे, धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. अलिबागचा रस्ता ज्यानं उभ्यानं सोसला त्याला अरबी समुद्र काय करणार?

मग कोकिळा चढली आणि दोनदा पडली. गुजराती मुलीच्या फळीवर नवरा उभा राहतो आणि आपण पडतो, याचा तिला असा राग आला की तिसऱ्यांदा ती नुसत्या रागावर उभी राहिली, आणि पडली. काळूराम पाण्यात नाक धरून उभा होता.

"तू धरायला बगतेस," तो म्हणाला. "सवय हाय तुला, कायतरी वढायची. इथं धरायला कायच न्हाय. गाडीत मी दांडा धरून ऱ्हायलो असतो तर तिकिटं कोनी फाडली असती? गुडघं ढिलं सोड. पायांकडं बगू नको, लांब बग."

समुद्रावर आपल्याला कोणी काही सांगावं, आणि तेही ज्याला पोहता येत नाही त्यानं, हे काही तिला रुचलं नाही. अर्धा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. पाय शिडाच्या फळीवर ठेवायचे तसे आडवे न ठेवता शेजारी शेजारी ठेवले, गुडघे सोडले, लांब खांदेरी बेटाच्या दिशेनं बघितलं. आणि उभी राहिली. कोणाला ओढायचं नाही, कोणावर रेलायचं नाही. तिला जरा एकटं एकटं वाटलं, आणि मग बरं वाटायला लागलं.

पावसाळ्याचा जोर ओसरला. नारळी पौर्णिमा झाली, पाणी निवळलं, आणि कोकिळा रोज जायला लागली. तेव्हा तिला एक गोष्ट सापडली. पहाटेची मतलई पडते आणि खारं वारं अजून सुटायचं असतं, त्या दोहोंच्या मध्ये समुद्र अगदी स्वस्थ असतो. तेलासारखं पाणी. तीस वर्षं ती या वेळेला वैतागून अंगणात फेऱ्या मारायची, कारण शिडाला ती वेळ काही कामाची नव्हती. आता तीच तिची वेळ झाली. त्या पाण्यात खाली बघितलं तर माशांची पिल्लं फळीच्या सावलीत शिरताना दिसायची. खडकांपाशी कालवं काढणाऱ्या बायकांशी तिच्या गप्पा व्हायला लागल्या. पूर्वी वेगात जाताना त्या नुसत्या ठिपके होत्या, आता त्यांच्या सुनांची गाऱ्हाणीही तिला पाठ झाली. ती त्यांना सल्ले देते, आणि त्या ते ऐकत नाहीत. गुणाजी होडीवरून दोरी उचलून दाखवतो, तेव्हा ती त्याला वल्हं दाखवते.

घरचं पंचांग मात्र उलटं झालं. झावळ्या हलल्या की कोकिळा कपाळाला आठ्या घालते आणि झावळ्या गप्प असल्या की गुणगुणते. काळूरामनं जुन्या हिशेबानं सोसाट्याच्या दुपारी आपल्या भाचीच्या लग्नाचा विषय काढला आणि बोलणी खाल्ली. नवीन सवय लागेपर्यंत त्यानं बरंच सोसलं.

परवा, थंडी नुकतीच पडू लागली होती, त्याला सुटी होती. दोघं निघाली. तो पुढे मांडी घालून बसला, ती मागे उभी राहून वल्हवत होती. आता ती वारा आधी तोंडावर घेते, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणून सोडतो. खारं वारं नुसतं सुटू की नको असं करत होतं. खांदा दुखत नव्हता. पूर्वी ती जिथून शिडाची फळी वळवायची त्याच्याही जरा पुढे गेल्यावर तिनं वल्हं आडवं धरलं आणि फळी हळूहळू थांबली. काळूराम जपून, बसल्या बसल्या मागे वळला आणि किनाऱ्याकडे बघत राहिला. सुरूच्या झाडांच्या डाव्या हाताला जिथे वाळू जरा उंच आहे, तिथल्या आपल्या जुन्या बसायच्या जागेकडे तो बघत होता.

"इथनं मी दिसायचो काय तुला?" त्यानं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या शांत पाण्यावर तिला ते जमेना.

"न्हाय अवो," ती म्हणाली. "बगितलंच न्हाय कदी. शिडाकडंच डोळा असायचा माजा."

"मी हात करायचो."

"रोज?"

"सुटी असली की."

कोकिळाला फार वाईट वाटलं. वीस-बावीस वर्षांच्या सगळ्या सुट्या एकदम समोर आल्या. माझं चुकलं असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तो रागावलेला दिसत नव्हता. त्याला थंडीतलं ते कोवळं ऊन आवडलेलं दिसत होतं. एक पाय त्यानं पाण्यात सोडला होता, ज्याला पोहता येत नाही त्या माणसानं.

"आता बग," तो किनाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "कोन न्हाय तिथं."