भिंतीच्या भेगेचे तेवीस साक्षीदार

माझ्या समोरच्या दारावर 'इंग्रजी संभाषणाचे वर्ग' अशी पितळी पाटी आहे. पाटीमागचा माणूस मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलेन अशी आशा कोणी धरायला नको. मुलं त्याला सर म्हणतात. मी बिनतोड सर म्हणते, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हटलं तर माणूस खूश व्हायचा.

'इरेफ्युटेबल' या एका शब्दावर या गृहस्थाने एकोणीस वर्षं काढली आहेत. जे कोणाच्या बापाला खोडून काढता येत नाही, ते इरेफ्युटेबल. दर नव्या तुकडीचा श्रीगणेशा याच शब्दाने. सर तो फळ्यावर लिहितात आणि मुलांनी त्याची दहा वाक्यं करायची. पुस्तकातलं वाक्य चालत नाही. घरातलं, शेजारचं, डोळ्यांसमोरचं हवं. मग लाल पेनाने तपासणी, खाली सही आणि तारीख. "द टी इज कोल्ड, अँड धिस इज इरेफ्युटेबल." "माय आंट्स स्नोरिंग इज इरेफ्युटेबल." पन्नास घरांतले गार चहा आणि घोरणाऱ्या आत्या अशा सरांकडे वह्यांतून जमा होतात. ज्या बातमीसाठी मी आठवडाभर जिन्यात पाय मोडून उभी राहते, ती यांना इंग्रजीत घरपोच! मला राग यायला एवढंही पुरेसं होतं.

घरातही तेच. आमटी अळणी झाली तर सर नुसतं मीठ मागत नाहीत. "आमटी अळणी आहे, आणि हे इरेफ्युटेबल आहे." त्यांची बायको, आमच्या वहिनी, मुकाट्याने मीठ पुढे सरकवतात. समोरच्या दारातून मला सगळं ऐकू येतं. ऐकू आलं नाही तर मी जवळ जाते.

पण यंदा सरांनी हद्द केली. त्यांच्या वर्गाच्या भिंतीला लागून जिन्याखालची खोली आहे, इमारतीच्या मालकीची. तीन वर्षांपूर्वी ती आम्ही शिलाईताईला दिली. पडद्याच्या अलीकडे तिचं मशीन, पलीकडे ती आणि तिची म्हातारी आई. पोट आणि छप्पर दोन्ही त्या एका खोलीत. सरांना तिथे दुसरा वर्ग काढायचा होता. सरळ मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून त्यांना अचानक भिंतीतली भेग दिसली. मशीन थरथरतं, त्याने भिंत तडकली, ताईला बाहेर काढा. तसा अर्ज दिला आणि रविवारी सकाळी गच्चीवर सभा बोलावली.

सर आले ते दोन्ही हातांत वह्यांचा ढीग घेऊन, हनुवटीने वरची वही दाबून धरत. अध्यक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, "हे काय, सर?"

"पुरावा. तेवीस विद्यार्थी, तेवीस साक्षी. प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहिलंय की शिलाई मशीनमुळे सरांची भिंत तडकली, हे इरेफ्युटेबल आहे."

"स्वतंत्रपणे?" मी म्हटलं. "शब्दन्‌शब्द सारखं?"

"चांगलं शिकवलं की सारखंच येतं, काकू."

काकू! माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे.

शिलाईताई कठड्याशी उभी होती, गळ्यात मापाची टेप तशीच. ती म्हणाली, "सर, काय लिहिलंय ते मलाही सांगा ना."

"तुला इंग्रजी येत नाही. तू मध्ये बोलू नकोस."

"घर माझं जातंय आणि मध्ये मी बोलू नको?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. त्यांची नात सरांकडे शिकते, त्यामुळे चष्मा बराच वेळ पुसला गेला.

मीही काही रिकाम्या हाताने गेले नव्हते. सर वह्या जमवतायत ही खबर मला शुक्रवारीच लागली होती. माझी भाची सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे शिकायची. पोरगी काही जपून ठेवत नाही, पण मी रद्दीसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तिची वही माळ्यावर होती. पहिलाच धडा, इरेफ्युटेबल. पोरीने वर्गात बसून जे दिसलं ते लिहिलेलं. मी सातवं वाक्य मोठ्याने वाचलं: "द क्रॅक इन सर्स वॉल लुक्स लाइक अ लिझर्ड. धिस इज इरेफ्युटेबल." मग ताईकडे वळून मराठीत सांगितलं, "सरांच्या भिंतीतली भेग पालीसारखी दिसते. खाली लाल पेनाने शाबासकी, सरांची सही आणि तारीख. सहा वर्षांपूर्वीची. तू येऊन किती वर्षं झाली गं?"

"तीन."

वही हातोहात फिरली. सरांचे कान लाल झाले, पण जीभ शाबूत होती.

"ती वेगळी भेग. ती बुजवली. ही नवी आहे."

"कोणी बुजवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"गवंडी बोलावला होता."

"कधी?" हा आवाज मागून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. वहिनी! या बाईचा आवाज गच्चीवर कोणी ऐकलाच नव्हता.

"तुला आठवत नसेल," सर म्हणाले.

"घरात येईल त्याला चहा मी करून देते. गवंड्याला मी कधी चहा दिला नाही." वहिनी पदर सावरत पुढे आल्या. "डॉक्टर, मी लग्न होऊन आले तेव्हा भेग वीतभर होती. आता हातभर आहे. रोज तिच्यासमोर केर काढते मी."

"तू घरी चल!"

"सभा संपली की येते."

डॉक्टरांनी चष्मा एकदाचा डोळ्यांवर चढवला. खोली ताईकडेच राहू दे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाले. माझे दोन्ही वर गेले. एक खाली घ्यायला लावला. मग बाकीचे, एकेक करत. वहिनींचाही.

"हात खाली घे," सर दातांतून म्हणाले.

"डॉक्टर, माझं मत धरता ना?"

"धरतो, वहिनी."

"मग राहू दे तो वर."

खोली ताईकडे राहिली. सरांच्या बाजूने एकच हात होता, त्यांचा स्वतःचा, तोही वह्यांमुळे नीट वर होईना. माफी वगैरे काही नाही. ढीग सावरत निघताना दोन वह्या घसरून माझ्या पायाशी आल्या. मी पाय जरा बाजूला घेतला, त्यांना वाकायला जागा हवी ना.