आईच्या पर्समधला कांदा

थांबा, हे आत्ताच सांगू द्या, नाहीतर माह्या पोटात दुखन! मे महिन्यात आम्ही मायलेक लडाखमधलं एक तळं पाहाले निघालो. नुसतं माळरान, दूरपर्यंत घर नाही. पातळ हवेनं आईची भूकच गेली. सकाळपासून उपाशीच, न् एकच म्हणून राहिली, "नागपूरले परत चाल गा." वाटेत तंबूतल्या एका मेंढपाळ मावशीनं आम्हाले आत बसवलं. आईनं रुमालासाठी पर्स उघडली, तं कांदा बाहेर! ऊन लागू नये म्हणून आपण उन्हाळ्यात ठेवतो, तोच.

"आई, इथं बर्फ हाय वं!"

"सवय हाय गा!"

मावशी हसली, तिनं कांदा चिरून लोण्यात परतला, चुलीवरच्या सूपमध्ये टाकला. वास आला न् आईनं आख्खी वाटी संपवली. म्हणे, "आता तळं पाहूनच जाऊ."

तुमच्यासोबत झालं काय गा असं कधी?