हूटगळ्ळीतलं इंटरनॅशनल इंग्रजी

लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये संध्याकाळी तीन गोष्टी हमखास निघतात. तुटका खडू, कुणाच्या तरी रुमालाची पिन आणि एखादा किस्सा. खडू फेकता येतो, पिन परत करता येते, किस्से साठतच जातात. घरी मी "आज काय झालं माहितीये का" म्हटलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. म्हणून तुम्हाला सांगते.

आमची शाळा म्हैसूरजवळ हूटगळ्ळीला, एक कारखाना आणि एक अर्धवट बांधलेलं अपार्टमेंट यांच्या मधे. नाव इंटरनॅशनल. आवारात परदेशातलं म्हणाल तर निलगिरीचं एक झाड आहे.

प्रिन्सिपल मॅडमनी आल्या आल्या नियम केला, फाटकाच्या आत फक्त इंग्रजी. पोरं एवढीएवढीशी. कुणाच्या घरी कन्नड, कुणी आमच्यासारखी पिढ्यान्पिढ्या म्हैसूरची मराठी. इंग्रजी येत नाही आणि दुसरं काही बोलायचं नाही, म्हटल्यावर शाळा चिडीचूप झाली. मॅडमनी पालकांना वर्गावर्गातून फिरवलं आणि म्हणाल्या, "सी द डिसिप्लिन." त्या वर्षी अॅडमिशन वाढल्या.

*

इंटरव्ह्यू पोराचा असतो, घाम बापाला फुटतो. एका बापाने महिनाभर घरी उत्तरं घोकून घेतली होती. मॅडमनी पोराला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" पोरगा आपला पंख्याकडे बघतोय. मॅडमनी पुन्हा विचारलं. बापाला राहवेना. तो ताडकन उभा राहिला आणि हात मागे बांधून म्हणाला, "माय नेम इज रोहन. आय अॅम थ्री इयर्स ओल्ड."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या. सीट मिळाली. दोघांपैकी कुणाला, ते मी विचारलं नाही.

*

मॅनर्सचा तास माझ्याकडे. सॉरी, थँक्यू, प्लीज, सगळं शिकवलं. दुसऱ्या दिवशी पुनीत नावाचा एक गोडुला शेजारच्या मुलाला आधी "सॉरी" म्हणाला आणि मग कडकडून चावला. मी रागावले, तर मलाच समजावायला लागला, "मिस, सॉरी सेड, नो?" मोठेपणी हा नक्की एखाद्या कंपनीच्या कस्टमर केअरला लागणार.

*

एकदा घसरगुंडीखाली साप निघाला. तिकडे रोज नवी घरं उठतायत, सापांनी तरी जायचं कुठे? आमच्या ललिता मिसना तो पहिल्यांदा दिसला. नियम डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे बिचारी "एक्स्क्यूज मी, देअर इज अ..." इथेच अडकली. तेवढ्यात मॅडमना दिसला. त्या बाकावर चढून जे कन्नड ओरडल्या, ते मी जन्मभर म्हैसुरात राहून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, इमर्जन्सीमध्ये मातृभाषा चालेल. वाचता येणारं एकही पोर नाही, पण बातमी कशी पसरली कोण जाणे. त्या आठवड्यात माझ्या वर्गात दर पाच मिनिटांनी साप निघत होता.

*

या सगळ्या गोंगाटात एक मुलगी मात्र बोलायची नाही. सान्वी. हिनकलहून यायची, घरी मराठी. इंग्रजीत सांगितलेलं सगळं बरोबर करायची, पण तोंडातून अक्षर नाही. मॅडमनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, "वर्ष संपायच्या आत माझ्यासमोर इंग्रजी बोलली तर यूकेजी, नाहीतर पुन्हा एलकेजी." आईच्या जावेची मुलगी त्याच वर्गात. ती वर जाणार आणि ही खाली राहणार, घरात रोज तेच ऐकायचं. आई माझ्यापाशी येऊन रडली.

"अय्यो मिस, घरी हिचं तोंड मिटत नाही हो. इथं काय होतं, गोत्तिल्ला."

गोत्तिल्ला म्हणजे ठाऊक नाही, आणि मलाही ते गोत्तिल्लाच. पण पोर फार गुणी होती, तिला मागे ठेवणं मला पटत नव्हतं.

दसऱ्यात आमच्याकडे घरोघरी बाहुल्या मांडतात, त्या बघायला त्यांच्याकडे गेले. सान्वीने मला हाताला धरून राजा-राणी, हत्ती, वाणी, सगळे दाखवले. मराठीतून सुरू व्हायची, कन्नडमधून संपवायची, मधे श्वास नाही. तेवढ्यात त्यांचा रॉकी, भलामोठा कुत्रा, माझ्या साडीशी झोंबायला लागला. आजोबांनी बिस्किट वर धरलं, बोट रोखलं.

"रॉकी, नो. सिट. स्टे. गुड बॉय."

कुत्रा बसला, त्याला बिस्किट मिळालं. मी म्हटलं, आजोबा, घरात सगळे मराठी, मग याच्याशीच इंग्रजी का?

आजोबांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "कुत्र्याला मराठी कशी कळणार हो, मिस?"

मी कॉफी प्यायले.

*

वर्ष संपत आलं आणि सान्वीला मॅडमच्या केबिनमध्ये नेलं. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी, मी तिच्या शेजारी. मॅडमनी टेबलावर एक बिस्किट ठेवलं. "टॉक, सान्वी, अँड बिस्किट इज युवर्स."

सान्वी गप्प. मॅडम खुर्चीतून उठल्या. "व्हॉट इज धिस? व्हॉट कलर? हू इज युवर मदर?" असं विचारत तिच्याभोवती फिरायला लागल्या. कधी डावीकडून वाकायच्या, कधी उजवीकडून. आवाज चढत चालला. आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं आता.

सान्वीने टेबलावरचं बिस्किट उचललं, वर धरलं आणि मॅडमवर बोट रोखलं.

"नो. सिट."

मॅडम बसल्या.

"स्टे."

मॅडम हलल्या नाहीत. सान्वीने थोडा वेळ त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग जवळ जाऊन त्यांच्या हातावर बिस्किट ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

"गुड बॉय."

 मॅडमनी चष्मा सारखा केला आणि आमच्याकडे पाहिलं.

"प्रनन्सिएशन व्हेरी क्लिअर," त्या म्हणाल्या. "यूकेजी."

आणि बिस्किट खाल्लं.