हाक न मारलेलं वजन

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि मी माझंच नाव सांगितलं. आडनाव, माझं नाव, वडलांचं नाव, सगळं खणखणीत. खांद्यावर तीन वर्षांची पोर, तापानं फणफणलेली, घरी एक झटका येऊन गेलेली. आणि मी स्वतःलाच भरती करायला निघाल्तो.

झटका आलाय एवढं आधीच सांगितल्तं. बाईनं मान वर केली. "झटके तुम्हाला आले का?"

रांग हसली. मीपण हसलो. आपल्या फजितीवर आपणच आधी हसून घ्यायचं ही माझी जुनी खोड. माझी बायको मात्र हसली नाही. ती पोरीचे पाय धरून मागं उभी होती.

हसण्यात पोरीचं नाव सांगायचं राहूनच गेलं. बाईनं मग मोबाइल नंबर विचारला. आमच्या घरात मोबाइल एकच. त्या नंबरावर पडद्यावर आमचं सगळं घर उघडलं. बाईनं वरचं नाव दाबलं. मी सवयीनं विचारलं, वजन करायचं का? "सिस्टीममध्ये आहे," ती म्हणाली. मला तर कौतुकच वाटलं. पोरीला काट्यावर न ठेवता वजन सांगणारं मशीन. असा बावळट मी.

वजनाचं कौतुक असायचं कारण आहे. मी जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी. कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, काट्यावर चढला की वजन हाक मारून सांगायचं, हा माझा धंदा. मोजताना पहिल्याला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, आकडा लाल दिव्यात दिसतो, तरी हाक मारावीच लागते. विकणाऱ्यानं ऐकलं, घेणाऱ्यानं ऐकलं, मंगच माप पडलं. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की मी माझ्या दोन्ही लेकरांनाही काट्यावर बसवतो आणि हाक मारतो. बायको म्हणते, लेकरं हायेत, सोयाबीन न्हाई.

आत डॉक्टरनं पोरीला नीट तपासलं, खोटं कशाला बोलू. डोळ्यात बॅटरी मारली, छाती ऐकली, हाताला सलाईन लावायला सांगितलं. म्हणाला, दुसरा झटका येऊ नये म्हणून सलाईनमधून औषध द्यावं लागेल, लहान लेकरांना ते किलोवर असतं. मग तो पडद्याकडं वळला. दोनचार बटणं दाबली. मशीननं चिठ्ठी काढली. सिस्टरनं चिठ्ठी बघून सुईत औषध भरलं आणि ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवली.

इंग्रजी मला येत नाही. पण आकडा कोणत्याही कागदावरचा मला आधी दिसतो. चिठ्ठीवर मराठीत आमचं आडनाव होतं, माझं नाव होतं, लेकराचं नाव शेवटी, ते यायच्या आत जागा संपल्ती. त्याच्या खाली किलोपुढं सव्वीस.

माझी पोर दसऱ्याला साडेअकरा होती.

सव्वीस माझा पोरगा. नऊ वर्षांचा. मागच्या साली हात मोडला तेव्हा याच दवाखान्यात आणल्ता, इथंच वजन झाल्तं.

अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल असा ओरडणारा मी, तिथं नुसतं चिठ्ठीवर बोट ठेवलं. कसंबसं म्हणालो, सायेब, हे वजन हिचं न्हाई वाटत.

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. पायापासून वर बघितलं.

"तू काय करतोस?"

"मापाडी हाये सायेब. मोंढ्यात."

"मग पोती मोज. इथं कॉम्प्युटर मोजतो."

शेजारच्या पलंगाजवळचा माणूस हसला. आणि मी काय म्हणालो? हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी म्हणालो, "बराबर हाये सायेब." आणि दोन पावलं मागं सरकलो.

दोन पावलं. माझी पोर पलंगावर, आणि मी दोन पावलं मागं.

सिस्टरनं सुई उचलली. सलाईनची नळी हातात धरली. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

मी पुढं झालो आणि पोरीच्या मनगटावर, सलाईन लावल्ती तिथं, माझा पंजा ठेवला.

"आधी काटा आना. वजन करा. मंग द्या."

डॉक्टर ओरडला. वॉचमनला हाक मारली. मग जे बोलला ते मला अजून झोपू देत नाही. "तेवढ्यात हिला झटका आला तर जबाबदार तू."

बरोबरच होतं त्याचं. औषध अडवलं आणि झटका आला तर मीच मारली. औषध दिलं आणि दुपटीहून जास्त गेलं तरी मीच मारली, कारण मला आकडा दिसल्ता. पंजा काढला नाही एवढंच. तो धीर नव्हता. हात जागेवरून हलवायचीच ताकद उरली नव्हती.

सिस्टरनं पोरीकडं बघितलं. चिठ्ठीकडं बघितलं. परत पोरीकडं. हळूच म्हणाली, "सर, ही सव्वीस किलोची दिसत नाही." आणि उत्तराची वाट न बघता काटा घेऊन आली.

तिनं सलाईनची बाटली वर धरली, मी पोरीला काट्यावर ठेवलं. आकडा थांबला. आणि माझ्या तोंडून मोंढ्यातली हाक निघाली. साडेअकरा. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. शेजारचा माणूस हसला नाही.

डॉक्टरनं पडदा स्वतःकडं ओढला. सिस्टरनं वाकून वाचलं: वर कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, माझ्या पोराचं नाव आणि त्याचं वय होतं. भरलेली सुई ट्रेमध्ये पडली. दुसरी भरली. त्यात औषध किती थोडं होतं, ते मी बघितलं आणि खाली बसलो.

चुकलं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला, "तुम्हीच खिडकीवर नाव चुकीचं सांगितलं म्हणे." आता तू चा तुम्ही झाल्ता.

दोन दिवस मी ते खरं मानलं. पोर बिस्कीट मागायला लागली, बापाच्या मिशा ओढायला लागली, तरी मी मनात स्वतःला जोडे मारत होतो. मग पलंगाशेजारी बसल्या बसल्या ध्यानात आलं. मोंढ्यात मी चुकीची हाक मारली तर दोन माणसं माझा हात धरतात. इथं माझी चूक खिडकीतून आत गेली आणि सुईपर्यंत कोणीच आडवं आलं नाही. कारण वजन कोणी मोठ्यानं बोललंच नाही. सोयाबीनला जी हाक मिळते ती माझ्या लेकराला मिळाली नाही. वर मी म्हणालो, बराबर हाये सायेब. ते शब्द आता माझ्या तोंडून कोणत्याही दवाखान्यात निघायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली. मी सगळ्यांना हात जोडत सुटलो, डॉक्टरला, वॉचमनलासुद्धा. वळून बघतो तर बायको खिडकीपाशी. ती टेंभुर्णीच्या शाळेत दहावी झालेली, इंग्रजी अक्षर लावते. तिनं बाईला पडदा फिरवायला लावल्ता. आमच्या पोराच्या नावापुढं झटके लिहिलेले तसेच होते, आणि पोरीसाठी पहिल्यांदा काढलेलं औषधही. बाई म्हणाली, एकदा चढलेलं निघत नाही, पुढच्या वेळी बघू.

मी बायकोला म्हणालो, चल, पोर वाचली, बास झालं.

बायको समोरच्या बाकावर बसली. पदर खोचला.

"पोरगी वाचली. आता पोरगा अडकला त्याच्यात. उद्या त्याला ताप आला तर हे वाचून त्याला काय देतील? तुम्ही हिला घेऊन घरी जा. त्याच्या नावावरचं निघाल्याबिगर मी हितून उठनार न्हाई."