बोथट सुरा आणि एक मिनिट अकरा सेकंद

भूत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. माझा धंदाच मोजण्याचा. पाइपचं वेल्डिंग, पत्र्याची जाडी, धातूची जात. मीटरवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही, दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. कुणाला पटावं म्हणून लिहीत नाहीये. मनात बाळगून थकलोय, एवढंच.

मी मूळचा नाशिकचा. कतारमध्ये हे अकरावं वर्ष. अल अझीझियात फ्लॅट, बायको वैशाली, दहावीतली मुलगी. आम्ही तिला मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. घरात अंडंसुद्धा येत नाही. हे सांगतोय कारण खाटकाचा सुरा हातात धरायची माझ्यावर जन्मात कधी वेळ आली नव्हती.

तर ती आली अबू जासिम यांच्यामुळे. म्हणजे जासिमचे वडील. इकडे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. वय सत्तरीच्या पुढे, तेलकंपनीतून निवृत्त. तरुणपणी इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत होते आणि तिथल्या जुन्या बाजारातून त्यांना सुऱ्यांचा नाद लागला. अमेरिकेत गोरे लोक पश्चिमेकडे जंगलं, माळरानं तुडवत निघाले होते, त्या काळातले सुरे. मुऐदरमधल्या त्यांच्या व्हिलात एक अख्खी खोली काचेच्या कपाटांनी भरलेली. वीतभर नाही, हातभर लांबीची पाती!

माझे मॅनेजर त्यांच्या हाताखाली काम केलेले. ते एकदा म्हणाले, "महेश, जरा जाऊन ये. म्हाताऱ्याला खरे-खोटे वेगळे करून हवेत." आमच्याकडे पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र असतं. धातूला टेकवलं की त्यात काय काय मिसळलंय ते काही सेकंदांत स्क्रीनवर येतं. ते घेऊन मी शुक्रवारी दुपारचा जायला लागलो.

खरं सांगतो, मला त्या दुपारी आवडायच्या. प्लांटवर शटडाऊन सुरू होतं, म्हणजे प्लांट बंद ठेवून मोठी दुरुस्ती, रोज बारा-बारा तास ड्युटी. तिथे एसीत बसून गावा प्यायचा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, आणि म्हाताऱ्याच्या गोष्टी ऐकायच्या.

"मिस्टर महेश, लोक हे मागतात," ते चांदीच्या मुठीचा, झुंजीचा मोठा सुरा दाखवत म्हणायचे. "यातले निम्मे तर इंग्लंडमध्ये बनले आणि जहाजानं अमेरिकेला गेले. मिरवायला. पण त्या लोकांना जगवलं कुणी? याने." आणि मग कोपऱ्यातला एखादा साधा, लाकडी मुठीचा, काळपटलेला सुरा उचलायचे. खाटकाचा. त्यानंच जनावर सोलायचं, त्यानंच पाव कापायचा, दोर तोडायचा, आणि वेळ आली तर त्यानंच जीव वाचवायचा. त्या काळपटपणाला हात लावायचा नाही, घासून चमकवला की सुरा मेला, असं ते शंभर वेळा सांगायचे.

तो जानेवारीतला शुक्रवार. दुपारची, असरची नमाज झाली होती, म्हणजे तीन-सव्वातीनच्या आसपास. भर उजेड होता बाहेर. अबू जासिमनी त्यांचा सगळ्यात आवडता, सगळ्यात महाग सुरा माझ्यापुढे ठेवला. मी यंत्र टेकवलं. क्रोमियम. पुन्हा टेकवलं, दुसऱ्या जागी. क्रोमियमच. त्या काळच्या पोलादात क्रोमियम घालतच नव्हते.

"सर... हा नवीन आहे," मी म्हणालो. "काळा रंग मुद्दाम चढवलाय."

त्यांनी स्क्रीनवरचा आकडा स्वतः वाचला. मग "खलास" म्हणाले, सुरा उचलला आणि अंगण ओलांडून मागच्या वर्कशॉपकडे गेले. तिथे पॉलिश करायची मोटर होती. आता तो खोटा रंग खरवडून काढणार, हे मला कळलं. वाईट वाटलं. पण मी दमलो होतो हो. समजूत घालायला उठायचं त्राण नव्हतं. मी वहीत पुढची नोंद घ्यायला लागलो. खाटकाचा सुरा, मेकरचं नाव नाही, वजन ४१२ ग्रॅम, धार बोथट, पाच ठिकाणी खाचा. पात्याची झीज नेहमीपेक्षा उलट्या बाजूनं. वापरणारा डावखुरा असावा, असं अबू जासिमनी मागेच सांगितलं होतं, तेही लिहिलं.

हे मला आठवतं. यानंतरची आठवण थेट वर्कशॉपमधली.

मोटर घुंई करत होती आणि अबू जासिम तिच्यावर ओणवे पडले होते. डोक्यावरचा गुत्रा, तो पांढरा रुमाल, गळ्याभोवती गुंडाळलेला होता, त्याचं टोक मोटरच्या दांड्यात गेलं होतं. फास आवळत होता. चेहरा काळानिळा. बटण त्यांच्या अंगाखाली. आणि माझ्या हातात तो खाटकाचा सुरा होता. माझ्या डाव्या हातात! मी उजव्या हाताचा माणूस आहे, डाव्या हातानं मला धड पोळी तोडता येत नाही. एकच घाव. कापड आणि मान यांच्यामध्ये बोटभर जागा नव्हती, तरी कातडीला ओरखडासुद्धा नाही. ते खाली कोसळले, मी ओरडलो, स्वयंपाकी रफीक धावत आला. "या अल्ला, सर, क्या हुआ!" त्यानंच अँब्युलन्सला फोन केला. माझी बोटं मुठीवरून सुटत नव्हती, तीही त्यानंच सोडवली.

इथपर्यंत कुणीही म्हणेल की घाबरलेल्या माणसात बळ येतं. मीही तेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी जासिमचा फोन आला. "यल्ला, घरी ये. आत्ता." गेलो. तो लॅपटॉप उघडून बसला होता. अंगणात एक कॅमेरा, वर्कशॉपच्या आत एक. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी लावले.

अंगणाच्या कॅमेऱ्यात मी खोलीतून बाहेर येतो. डाव्या हातात सुरा. घाई नाही, धाप नाही. चालत वर्कशॉपच्या दारापर्यंत जातो आणि थांबतो. दार अर्धवट उघडं. त्याच वेळी आतल्या कॅमेऱ्यात अबू जासिम कपाटात चष्मा शोधतायत. मोटर बंद आहे. काहीच झालेलं नाहीये. ते चष्मा लावतात, चाक बसवतात. मी दाराशी उभा. मग ते बटण दाबतात, वाकतात, गुत्र्याचं टोक सुटून खाली येतं, ओढलं जातं... आणि तेव्हा मी आत शिरतो.

जासिमनं वेळ मोजली होती. मी दाराशी एक मिनिट अकरा सेकंद उभा होतो.

"माझ्या वडिलांच्या दाराबाहेर तू एवढा मोठा सुरा घेऊन कशासाठी उभा होतास?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला आठवत नाही," एवढंच म्हणालो. ते मला स्वतःलाच खोटं वाटलं. त्यानं माझ्या आयडी कार्डाचा फोटो काढला आणि म्हणाला, "बाबा शुद्धीवर येईपर्यंत दोहा सोडायचं नाही. मग पोलिसांचं बघू."

चार दिवस. ड्युटीवर जात होतो, येत होतो. वैशालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना वाचवलंत ना? मग कसली भीती?" मी तिला समजावून सांगू शकलो नाही की भीती पोलिसांची नव्हतीच. म्हणजे होती, पण ती दुसऱ्या नंबरची.

पाचव्या दिवशी जासिमचा मेसेज आला. वडिलांनी पाटीवर लिहून सांगितलं होतं की मीच मिस्टर महेशला सुरा घेऊन बोलावलं होतं, मी सांगेपर्यंत बाहेर थांब म्हणालो होतो. जासिमनं माफी मागितली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. हाक मारली असेल, मी गेलो असेन, दमल्यामुळे आठवत नसेल. कंपनीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, की सलग इतक्या ड्युट्या केल्यावर माणूस उभ्या उभ्या झोपतो.

महिन्याभरानं अबू जासिमना भेटायला गेलो. गळ्याला पट्टा होता. आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती, आणि ती तशीच राहणार होती. रफीक गावा ठेवून गेला. मी विचारलं, "सर, मला कशाला बोलावलं होतं?"

त्यांनी मान हलवली. "नाही बोलावलं."

"पण तुम्ही जासिमला..."

"पोराला काय सांगणार होतो?" ते कुजबुजले. "त्यानं तुला आत टाकलं असतं."

मग त्यांनी तो सुरा मागवला. त्या दिवशीचा कापलेला गुत्राही ठेवला होता त्यांनी. म्हणाले, काप. मी उजव्या हातानं प्रयत्न केला, डाव्या हातानं केला, जोर लावून केला. पातं कापडावरून नुसतं घसरत होतं. एक धागा तुटला नाही. कापडाची आधीची कड मात्र सरळ होती, ब्लेडनं कापल्यासारखी.

"फुटेज नीट पाहिलंस?" त्यांनी विचारलं. मी पाहिलं नव्हतं, तेव्हा माझी नजर घड्याळाच्या आकड्यांवरच होती. त्यांनी लावून दाखवलं. आवाज नाही, नुसतं चित्र. दाराशी मी उभा आहे, पण आत बघत नाहीये. माझं तोंड उजवीकडे वळलंय, रिकाम्या भिंतीकडे. कुणीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय, तसं. आणि मी मान डोलावतो. एकदा. थोड्या वेळानं आणखी एकदा.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"मला वाटलं होतं, तू सांगशील." त्यांनी फुटेज बंद केलं. मी उठलो. नंतर मी तिथे गेलो नाही. सुऱ्यांचं काय केलं ते विचारलं नाही, फुटेज जासिमनं पुसलं असं रफीककडून कळलं.

दोन वर्षं झाली. डॉक्टरांचं म्हणणं मी मानायला तयार आहे. झोपेत चाललो असेन. पण झोपलेल्या माणसाला, अजून न झालेला अपघात कुठे होणार आहे ते कसं कळेल? वैशाली म्हणते, देवानं तुम्हाला उठवलं. असेलही. अबू जासिम ईदला मेसेज पाठवतात, त्यात दरवेळी असतंच की तू माझा जीव वाचवलास.

मला मात्र ते एक मिनिट अकरा सेकंद सोडत नाहीत. त्यातला बराच वेळ मोटर बंदच होती. मी नुसता आत गेलो असतो, "राहू द्या ना सर" म्हणालो असतो, तरी तो माणूस आज नीट बोलत असता. मला वेळेआधी तिथवर आणलं, ज्यानं कुणी आणलं त्यानं. आणि मग दाराशी थांबवून ठेवलं. मला काहीतरी सांगितलं गेलं आणि मी त्याला दोनदा हो म्हटलं.

कशाला हो म्हटलं, ते मला आजही माहीत नाही.