नळीतलं करकदे

उस्ता, म्हणजे मिस्त्री, फिकरीच्या गॅरेजातलं यंत्र पाहून नवा माणूस हसायचाच. एक फळी, तिच्यावर वाकवून खिळ्यांनी बसवलेली सलाईनची नळी, आणि नळीत अर्ध्यापर्यंत करकदे, म्हणजे अंबाडीच्या लाल फुलांचं उकळलेलं पाणी. बस्स. नळीचं एक टोक मोटारसायकलच्या एका कार्ब्युरेटरला लावायचं, दुसरं दुसऱ्याला. इंजिन चालू केलं की जी बाजू जास्त ओढते तिकडे लाल पाणी चढतं. मग मधला स्क्रू फिरवत राहायचं. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की गाडी थरथरायची थांबते.

"हसा, हसा," फिकरी म्हणायचा. "तुमच्या विकतच्या यंत्रातलं तहान लागल्यावर पिता येतं का?"

ही निव्वळ थाप होती. पोर्ट सईदचा माणूस बिनसाखरेचं करकदे तोंडाला लावत नाही, आणि नळीत साखर चालत नाही. नुसतं पाणी चुकून इंजिनात ओढलं गेलं तर वाफ होऊन निघून जातं. साखर गेली की आत डांबर. म्हणून त्याची बायको इन्शिराह दोन भांडी चढवायची, एक माणसांसाठी, एक नळीसाठी. गाडीची रेसही तीच धरायची. कारण हे काम एकट्याचं नाही. एकाने रेस एकसारखी धरून ठेवायची, दुसऱ्याने नळीवर डोळा ठेवायचा. इन्शिराहचा हात असा स्थिर, की फिकरी तिला चिडवायचा, "बाई, तू जरा हललीस तर कळेल तरी जिवंत आहेस ते."

ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतः करकदे उकळलं आणि हाताच्या सवयीने दोन्ही भांड्यांत साखर टाकली. एका कोळ्याच्या गाडीचं इंजिन त्या दिवशी चिकटलं. ते साफ करताना फिकरी लहान पोरासारखा रडला. आत्तापर्यंत आवरून धरलेलं सगळं त्या चिकट पिस्टनपाशी बाहेर आलं.

मुलगी कुवेतला. ती फोन करायची, पण फोन ठेवला की खोली आणखीच मोठी वाटायची. गिऱ्हाईक रोडावलं होतं, दोन कार्ब्युरेटरच्या गाड्या उरल्या होत्या किती? एक होती, बयूमीची. बयूमी कालव्यातल्या टगबोटीवरून निवृत्त झालेला, पलीकडे पोर्ट फुआदला राहणारा, बोलायला लागला की बोटीच्या भोंग्यालाही न जुमानणारा माणूस. एका शुक्रवारी नमाजनंतर तो फेरीबोटीतून गाडी घेऊन आला. रेस त्यानेच धरली. गप्पांच्या नादात फिकरी चेकनट, म्हणजे स्क्रू जागचा हलू न देणारी चकती, आवळायला विसरला.

पुढच्या शुक्रवारी बयूमी परत हजर. "उस्ता, काय जादूटोणा केलास? पुन्हा थरथरतेय!"

फिकरीला चूक लगेच दिसली. शरमही वाटली. पण तोवर बयूमीने तळलेल्या माशांचा पुडा उघडला होता, गोड करकदेचे दोन पेले भरले गेले होते, आणि कितीतरी दिवसांनी त्या गॅरेजात कुणीतरी मोठ्याने हसलं होतं. त्या दिवशी फिकरीने पाणी एका रेषेत आणलं आणि चेकनट मुद्दाम ढिला ठेवला.

मग हेच चाललं. हिवाळा गेला, उन्हाळा आला. शुक्रवार उजाडला की फिकरी दाढी करायचा, दोन भांडी चढवायचा, आणि फेरीबोटीच्या भोंग्याकडे कान लावून बसायचा. लबाडी होती, त्यालाही ठाऊक होतं. पण उरलेले दिवस कुणाशी बोलायचं त्याने? पान्यांशी?

एका शुक्रवारी बयूमी गप्प होता. मासेही आणले नव्हते.

"काय रे, टगबोट बुडाली का?" फिकरीने विचारलं.

"गाडी विकतोय उस्ता."

फिकरीच्या हातातली नळी तशीच राहिली. "का?"

"नवाल मागे बसत नाही." नवाल म्हणजे त्याची बायको. "म्हणते, दात खुळखुळतात, कंबर धरते. तिचे गुडघे गेलेत, चालवत नाही. लग्न झालं तेव्हा याच गाडीवरून तिला गमीलच्या किनाऱ्यावर न्यायचो. परवा म्हणाली, एकदा तरी ने रे. नेतो कुठला? निम्म्या वाटेत उतरली आणि रडली. तुझा दोष नाही बाबा, गाडीच म्हातारी झाली."

फिकरीने नळी कार्ब्युरेटरला लावली. चेकनट आवळला तर गाडी सुधारेल, आणि सुधारलेली गाडी घेऊन शुक्रवारी इथे कोण येतं? ढिला ठेवला तर गाडी जाईल, बयूमीही जाईल. मग त्याला नवालचा चेहरा दिसायला लागला, जिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. तो चेहरा इन्शिराहचाच होता.

"रेस धर," तो म्हणाला. "हलू नकोस."

पाणी एका रेषेत आलं. फिकरीने पाना लावला आणि चेकनट असा आवळला, की मनगट दुखलं.

"मग पुढच्या शुक्रवारी?" बयूमीने सवयीने विचारलं.

"गरज नाही पडणार हाजी."

तरी पुढच्या शुक्रवारी त्याने दाढी केली. दोन भांडी चढवली. नमाज झाली, भोंगा झाला, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. एकसारखा, दोन्ही पाय नीट टाकत चालणाऱ्या माणसासारखा. फिकरी धावतच दारात गेला.

बयूमीच्या मागे एक जाडजूड बाई बसली होती, एक हात त्याच्या कमरेभोवती, दुसऱ्याने डोक्यावरचा रुमाल सावरत. बहुतेक हसत होती.

"उस्ता, लोणी झालीय गाडी, लोणी! गमीलला चाललोय!" बयूमी ओरडला. बाईने हात हलवला. फिकरीनेही हलवला. आवाज वळणापलीकडे गेला तरी तो ऐकत उभा होता. कुठेही खोट नव्हती.

आत स्टुलावर दोन पेले भरून ठेवले होते. एक त्याने सावकाश पिऊन संपवला. दुसरा निदान नळीत तरी ओतावा म्हणून उचलला, आणि परत खाली ठेवला. त्यात साखर होती.